अंदाजपत्रकाआधी गावाला विचारा : विदर्भातील गावांत सार्वजनिक जागा लोकांसोबत कशा आखाव्यात

गावातील चौक, पार, आठवडी बाजाराची जागा, बसथांबा, तळ्याचा घाट किंवा स्मशानभूमीचे आवार सुधारण्यासाठी निधीची चाहूल लागली की सर्वांत आधी तयार होते ते अंदाजपत्रक. ते एकदा तयार झाले की किती चौरस मीटर गट्टू (फरसबंदीचे ठोकळे), किती लांबीची नाली, किती उंचीचा ओटा आणि कोणत्या कोपऱ्यात सभामंडप हे सारे ठरून गेलेले असते. त्यानंतर ग्रामसभेत विषय मांडला जातो तेव्हा गावकऱ्यांच्या वाट्याला फक्त हात वर करणे उरते. म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत : लोकांचा सहभाग घ्यायचा असेल, तर तो अंदाजपत्रकाच्या आधी, त्या जागेवर उभे राहून आणि ती जागा जे खरोखर वापरतात त्यांच्याकडून घ्यावा. हे काम सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक, बचतगटाच्या ताई किंवा गावातील कोणतीही चार जबाबदार माणसे हाती घेऊ शकतात.

वेळ निवडणे

ग्रामपंचायतीचा पुढील वर्षाचा विकास आराखडा साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. वऱ्हाडात नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी असते आणि पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची कापणी तोंडावर आलेली असते. त्या दिवसांत दुपारी बोलावलेल्या सभेला मजुरीवर जाणारी एकही बाई येणार नाही, आणि ती आली नाही म्हणून तिला रस नाही असे समजणे अन्यायाचे ठरेल. तयारीला त्याआधीचा काळ चांगला. धानाची रोवणी संपलेली असते, कापूस-सोयाबीनचे निंदण-डवरण आटोक्यात आलेले असते आणि पोळ्याच्या आगेमागे गावात माणसे भेटतात. पाऊस चालू असल्यामुळे जागेवर पाणी कुठे साचते हेही डोळ्यांनी दिसते. जागा सावलीची किंवा बसण्याची असेल तर मात्र एक फेरी एप्रिल-मे महिन्यांत करावीच लागते. पूर्व विदर्भात तेव्हा मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, त्यामुळे तेथे बैठक रात्री जेवणानंतर ठेवावी.

जागा नेमकी कोणाची आहे

लोकांमध्ये उत्साह निर्माण करण्याआधी कागद पाहावेत, कारण महिनाभर चर्चा करून ठरवलेली जागा ग्रामपंचायतीची नसल्याचे उघड झाले तर गाव पुन्हा बैठकीला बसत नाही. ग्रामपंचायतीकडील नमुना २२ मध्ये स्थावर मालमत्तेची, नमुना २३ मध्ये रस्त्यांची, नमुना २४ मध्ये जमिनींची आणि नमुना ३३ मध्ये वृक्षांची नोंद असते. तलाठ्याकडून (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सातबारा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा घ्यावा. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी झाली असेल, तर त्या नकाशावर चौकाच्या आणि बोळांच्या हद्दी स्पष्ट दिसतात.

विदर्भात आणखी दोन कागद महत्त्वाचे आहेत आणि ते फार कमी वेळा मागितले जातात. जुन्या मध्य प्रांताचा वारसा असल्यामुळे येथे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ ते १६७ मध्ये त्यांची तरतूद आहे. गुरांचे आखर, गोठाण, चराई, स्मशान, खत टाकण्याची जागा, पाणवठ्याकडे जाण्याची वाट असे गावाचे हक्क त्यांत नोंदवलेले असतात. बागेसाठी निवडलेली ‘पडीक’ जागा निस्तार पत्रकात आखर म्हणून निघाली, तर तेथे काही बांधण्याआधी गुरे कुठे जमतील याचे उत्तर आधी शोधावे लागेल. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, यांच्या पाळीवर किंवा घाटावर काम करायचे असल्यास पाण्यावरचे आणि मासेमारीचे हक्क कोणाकडे आहेत, हेही याच टप्प्यावर विचारून घ्यावे.

पश्चिम विदर्भात गावाच्या सामायिक वापराची सरकारी जमीन बहुधा ई-क्लास म्हणून ओळखली जाते. पूर्वेकडील सहा जिल्ह्यांत ती झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन, असू शकते. झुडपी जंगल हे वनच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिल्यामुळे तेथे परवानगीशिवाय कुदळ मारू नये. वनजमिनीवर शाळा, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता, समाजकेंद्र अशा ठरावीक १३ प्रकारच्या सुविधांसाठी वनहक्क कायदा, २००६ चे कलम ३(२) उपयोगी पडते. त्यात प्रत्येक सुविधेला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी जास्तीत जास्त ७५ झाडे अशी मर्यादा असून ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते.

आधी पाहणे, मग विचारणे

जागेवर काय होते, हे गावातल्याच माणसाला पूर्ण माहीत असते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येकाला स्वतःच्या वेळेपुरतेच माहीत असते. म्हणून दोन-तीन जणांनी, त्यांत एक बाई आणि एक शाळकरी मूल असावे, त्या जागेची नोंद घ्यावी. पहाटे पाण्याची वेळ, गुरे सुटण्याची वेळ, शाळेची एसटी येण्याची वेळ, भर दुपार, मजूर परतण्याची वेळ आणि रात्री नऊनंतर असे दिवसाचे टप्पे धरावेत. एक साधा दिवस आणि एक बाजाराचा दिवस घ्यावा. कोण कोठे बसते, कोण उभेच राहते, कोण वळसा घालून जाते, गाडी कोठे वळते, ढोरे कोठे थांबतात, सावली कोणत्या वेळी कोठे पडते, हे हाताने काढलेल्या नकाशावर खुणांनी दाखवावे. वळसा घालून जाणारी माणसे विशेष लक्षात घ्यावीत. पुरुषांचा घोळका बसलेला पार टाळून मुली मागच्या बोळातून शाळेत जात असतील, तर ती गोष्ट सभेत कोणीही उठून सांगणार नाही. ती फक्त पाहूनच कळते.

वर्षातून एकदाच होणाऱ्या वापराचीही यादी करावी लागते. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या कोठे उभ्या राहतात, तान्ह्या पोळ्याला लेकरे कोठे जमतात, दिवाळीनंतरच्या मंडईची (जत्रेची) दुकाने कोठवर जातात, झाडीपट्टीत नाटकाचा मंडप कोठे पडतो, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना कोठे होते, १४ एप्रिलची मिरवणूक कोठून वळते, सोयाबीन आणि तूर वाळवायला कोणती फरशी वापरली जाते. मोकळी दिसणारी जागा या सगळ्यासाठी मोकळी ठेवलेली असते. मधोमध कारंजे किंवा पुतळ्याचा चौथरा उभारला, की वर्षभराचे हे सगळे वापर एका फटक्यात बंद होतात आणि पुढे वर्षानुवर्षे लोक त्याबद्दल कुरकुरत राहतात.

कोणाला, कोठे आणि कसे विचारावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. एकच मोठी सभा घेतली, तर नेहमीचे आठ-दहा जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. त्यापेक्षा लहान लहान बैठका घ्याव्यात, आणि त्या लोकांच्या जागेत घ्याव्यात. बचतगटाच्या बैठकीत शेवटचा अर्धा तास मागून घ्यावा. वेचणीला किंवा निंदणाला जाणाऱ्या बायांशी रात्री त्यांच्याच ओट्यावर बोलावे. गुराख्याला गुरे सुटण्याआधी गाठावे. बाजारात बाहेरगावाहून येणारे विक्रेते गावाचे मतदार नसतात, त्यामुळे ग्रामसभेत त्यांचा आवाज कधीच येत नाही. परंतु बाजाराची जागा आखताना ओट्याची उंची, पाण्याचा नळ, सावली आणि बायांसाठी स्वच्छतागृह यांविषयी त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

बैठक कोठे घेतली जाते, यावर ती कोणाची होईल हे ठरते. देवळाजवळच्या पारावर घेतलेल्या बैठकीत बौद्ध किंवा मातंग वस्तीतील माणूस कडेला उभा राहणार असेल, तर तेथे बोलणाऱ्यांना संपूर्ण गाव म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून निर्बंध घालण्यास मनाई केली आहे. हा नियम फलकावर लिहून पाळला जात नाही. बैठक त्या वस्तीत घेणे, त्या वस्तीतून चौकापर्यंत येणारी वाट आधी सुधारणे, नवा पाणवठा किंवा ओटा सर्वांच्या वाटेवर ठेवणे अशा आखणीच्या निर्णयांतूनच तो प्रत्यक्षात येतो. कोलाम पोड, पारधी बेडा किंवा गावापासून दूर असलेला गोंड टोला असेल, तर त्यांना मुख्य गावात बोलावण्याऐवजी तेथे जावे. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात अशा पाड्याला किंवा टोल्याला स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेता येते, आणि तशी ती असेल तर तिचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावाच लागतो. तेथे बोलणे गोंडी, माडिया किंवा कोलामी भाषेत व्हावे. दुभाषा त्याच टोल्यातील असल्यास उत्तम.

प्रश्नही जपून विचारावेत. “तुम्हाला काय पाहिजे?” असे विचारले की शेजारच्या गावात पाहिलेल्या वस्तूंची नावे येतात : सभामंडप, गट्टू, हायमास्ट, प्रवेशद्वार. त्याऐवजी असे विचारावे : तुम्ही येथे कधी येता? किती वेळ थांबता? लवकर निघून का जाता? कोणासोबत असाल तर थांबाल? पावसात काय त्रास होतो? अंधार पडल्यावर कोणती बाजू टाळता? “आम्ही बसलो असतो, पण बसायला सावलीच नाही,” अशा एका वाक्यातून पत्र्याच्या शेडऐवजी दोन कडुनिंब आणि त्यांच्याभोवती ओटा इतका साधा निर्णय निघू शकतो. प्रत्येक उत्तर बोलणाऱ्याच्या शब्दांत वहीत लिहावे आणि पुढे वस्ती, वय आणि तो पुरुष आहे की स्त्री, एवढेच नोंदवावे. नाव लिहू नये, कारण नाव लिहिले की पाराबद्दल, दारूबद्दल किंवा अतिक्रमणाबद्दल कोणी खरे बोलत नाही.

मुलांसाठी शाळेत एक तास पुरतो. त्यांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगावे आणि आवडत्या व भीतीच्या जागा दोन रंगांत रंगवायला लावाव्यात. उघडी विहीर, कुत्र्यांचा कोपरा, ट्रॅक्टर वेगाने येणारे वळण या गोष्टी त्यांच्या नकाशांत हमखास येतात.

जागेवरच नकाशा आखणे

कागदावरचा आराखडा बहुतेकांना वाचता येत नाही, आणि ते तसे बोलूनही दाखवत नाहीत. त्यामुळे प्रस्ताव जमिनीवरच पूर्ण मापात आखावा. दोरी, खुंट्या आणि चुन्याची फक्की एवढेच साहित्य लागते. ओटा जेथे येणार तेथे रेघ मारावी, झाड जेथे लागणार तेथे काठी रोवावी, शेडच्या खांबांच्या जागी बांबू उभे करावेत. मग बैलगाडी आणि ट्रॉलीसह ट्रॅक्टर त्या रेघांमधून खरोखर फिरवून पाहावा. रुग्णवाहिका वळेल का, एसटी थांबल्यावर मागे वाट उरते का, हे अंदाजाने बोलू नये.

मापे माणसांवरून घ्यावीत. बसण्याचा ओटा ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असावा. तो त्याहून उंच केला, तर म्हाताऱ्या माणसाचे पाय लोंबकळतात आणि डोक्यावर ओझे घेऊन आलेल्या बाईला बसता येत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ ला १२ धरले जाते, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीसाठी ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. चुन्याने ही लांबी आखून दाखवली की एवढी जागा कोठून आणायची हा प्रश्न लगेच समोर येतो, आणि ओटा कमी उंचीचा करण्याचा शहाणपणाचा निर्णय तेथेच होतो. फक्कीची आखणी दोन-तीन दिवस तशीच राहू द्यावी. येणारे-जाणारे तिच्यावरून चालतात, वाद घालतात, पायाने पुसून नवी रेघ मारतात, आणि सभेत कधीही न बोलणारी माणसेही या निमित्ताने आपले म्हणणे मांडतात.

पैसा मर्यादित असताना निवड

मागण्या नेहमी निधीपेक्षा जास्त निघतात, आणि ही निवड सरपंचाच्या घरी होऊ नये. प्रत्येक मागणीसमोर तिचा ढोबळ खर्च सांगून, चित्र काढून, तिच्यापुढे एक वाटी ठेवावी आणि प्रत्येकाला पाच-पाच चिंचोके द्यावेत. ज्याला जे जास्त गरजेचे वाटते तेथे तो ते टाकील. बायांची आणि पुरुषांची फेरी वेगळी घ्यावी आणि दोन्ही निकाल शेजारी-शेजारी मांडावेत, कारण त्यांतील फरकावरच खरी चर्चा व्हायला हवी. चिंचोक्यांनी लोकांचा कल कळतो. निर्णय मात्र बहुमताच्या जोरावर रेटू नये. स्मशानवाट ही एकाच वस्तीची मागणी असल्यामुळे तिला चिंचोके कमी पडतील, पण पावसाळ्यात मृतदेह चिखलातून न्यावा लागत असेल तर ती मागे ठेवणे योग्य नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यास गटात विषय आधी समजून घेण्याची पद्धत अनेक वर्षे टिकवली आहे. तिला वेळ लागतो, परंतु एकमताने झालेल्या कामात नंतर कोणी अडथळा आणत नाही.

निधीचे मार्ग निवडीशी जोडून पाहावेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, त्यामुळे नाली, पाणवठा आणि स्वच्छतागृह एका शीर्षातून आणि बसण्याची जागा दुसऱ्या शीर्षातून, अशी विभागणी करावी लागत असे. स्मशानभूमीसाठी जनसुविधा, मूलभूत सुविधांसाठी पंचवीस-पंधरा (२५१५ हे लेखाशीर्ष), अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी वस्ती विकास योजना, आदिवासी वस्तीसाठी ठक्कर बाप्पा योजना हे नेहमीचे मार्ग आहेत. योजनेचे नाव पाहून जागेचा आराखडा बदलू नये; आराखडा एकच ठेवावा आणि त्याचे तुकडे योजनांत बसवावेत.

अभियंत्याला जागेवर आणणे

शाखा अभियंत्याला वही, नकाशा आणि फक्कीची आखणी दाखवूनच अंदाजपत्रक करायला सांगावे. काही गोष्टी त्याच्याशी तेथेच बोलून घ्याव्यात. काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर थेट गट्टू किंवा काँक्रीट टाकले, तर एक-दोन पावसाळ्यांत फरशी उचलली जाते. तेथे काळी माती काढून मुरूम भरून दाबणे आणि पाण्याला बाहेर वाट देणे यांसाठी अंदाजपत्रकात वेगळी बाब हवी, नाहीतर ठेकेदार ते करणार नाही. जुन्या वडा-पिंपळाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवावी. पार बांधताना बुंध्यापर्यंत काँक्रीट भरल्यामुळे झाडे वाळतात. ४५ अंशांच्या उन्हात लोखंडी बाक आणि गुळगुळीत ग्रॅनाइट हात लावण्याजोगे राहत नाहीत, म्हणून बसण्याची जागा झाडाच्या दुपारच्या सावलीत यावी. हातपंपाचे सांडपाणी नव्या झाडांकडे वळवण्यासारखा उतार जागेवरच ठरवावा.

अंदाजपत्रक आल्यावर त्याच्या बाबी मराठीत वाचून दाखवाव्यात आणि वहीतील मागण्यांशी एकेक जुळवून पाहाव्यात. जी मागणी गळली असेल, तिचे कारण त्या वस्तीत जाऊन सांगावे. कारण कळल्यावर लोक नकार सहन करतात. कारण न सांगता वगळले, तर पुढच्या वेळी ते बोलायला येत नाहीत.

ग्रामसभेचा ठराव

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल त्या संख्येची असते. महिला सभेचा निर्णय ग्रामसभेत आधी वाचून दाखवावा. ठराव “चौक सुशोभीकरणास मंजुरी” एवढाच असू नये. ठिकाण व गट क्रमांक, कोणकोणत्या वस्तीत बैठका झाल्या, काय मान्य झाले, कोणती जागा मोकळी राहील, ओट्याची उंची व उताराची लांबी, कोणती झाडे तोडायची नाहीत, हे सारे ठरावात यावे आणि हाताने काढलेला नकाशा त्याला जोडून त्यावर सह्या किंवा अंगठे घ्यावेत. नंतर पदाधिकारी किंवा अधिकारी बदलले, तरी एवढा कागद टिकून राहतो.

काम चालू असताना आणि नंतर

कामाची रक्कम, ठेकेदार, मुदत आणि मुख्य मापे जागेवरच्या फलकावर लिहावीत. बैठकांमधून पुढे आलेल्यांपैकी पाच-सहा जणांची देखरेख समिती करावी, तिच्यात निम्म्या बाया असाव्यात, आणि पाया भरण्याआधी, मुरूम दाबल्यावर व देयक निघण्याआधी तिने मापे तपासावीत. मोजमाप पुस्तिकेतील नोंद ठरावातील नकाशाशी जुळते का, एवढेच तिने पाहावे. मजुरांना सूचना देण्याचे काम अभियंत्याचे आहे.

देखभाल कामाआधीच ठरवावी. दिव्याची बॅटरी कोण बदलणार, पहिले तीन उन्हाळे झाडांना पाणी कोण घालणार, स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे राहणार, मंडई किंवा बाजाराच्या वसुलीतील किती भाग या जागेवर खर्च होणार, हे ठरवून ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम दाखवावी. पहिला पावसाळा सरल्यावर आणि पहिल्या मे महिन्यात, सुरुवातीला नोंदी घेणाऱ्या त्याच गटाने त्याच वेळांना पुन्हा जागेवर जावे. मुली अजूनही मागच्या बोळातून जातात का, विक्रेते ओट्यावर बसतात की खाली, पाणी कोठे साचते, हे लिहून पुढील ग्रामसभेत वाचावे आणि दुरुस्तीची रक्कम त्याच सभेत मागावी.